रूट कॅनाल बिघडलं आणि दवाखाना दाद देईना: आता काय?

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी पाच महिन्यांपूर्वी शहरातल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये डावीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल करून घेतलं आणि वर झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, टणक सिरॅमिकची) कॅप बसवली. कॅनाल पुण्याहून रविवारी येणाऱ्या डॉक्टरांनी केलं. एकूण १४,००० रुपये गेले, अर्धे फोनपेवर, अर्धे रोख. पावती नाही. गेल्या महिन्यात हिरडीवर पुटकुळी येऊन पू यायला लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की दाढेच्या मुळाच्या आत सुई तुटून राहिली आहे. पहिलं क्लिनिक म्हणतं, "ते डॉक्टर आता येत नाहीत. पुन्हा करून देऊ, पण कॅपचे पैसे वेगळे." फाइल मागितली तर "फाइल क्लिनिकची असते." मुलीच्या दातांच्या ताराही तिथेच चालू आहेत. ग्राहक मंचात जावं, की ओळखीची चार माणसं घेऊन जाऊन बोलावं?

मी दातांचा डॉक्टर आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करतो. दुसऱ्याकडे बिघडलेल्या दाढा घेऊन माणसं माझ्याकडे येतात, तशी माझ्याकडचीही कधी दुसरीकडे जात असणार. अशा भांडणांच्या फायली मत देण्यासाठी वाचायची वेळही बऱ्याचदा आली आहे. तेव्हा हे उत्तर वकिलाचं नाही, खुर्चीच्या या बाजूच्या माणसाचं आहे.

चार माणसं घेऊन जायचा विचार पहिल्यांदा सोडा. आपल्याकडे नगरसेवक, मंडळाचे कार्यकर्ते, नात्यातला कोणी पोलीस हे सगळ्यात आधी आठवतात. महाराष्ट्रात दवाखान्यातल्या हिंसाचाराविरुद्ध २०१० पासून वेगळा कायदा आहे. त्यातला गुन्हा अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड ५०,००० रुपयांपर्यंत. काउंटरची काच फुटली की तुमची दाढ बाजूला राहते आणि तक्रारदार डॉक्टर होतो. काच नाही फुटली तरी एक नुकसान होतंच. घाबरलेला डॉक्टर वकिलाला फोन करतो आणि त्यानंतर मोकळेपणी एक वाक्य बोलत नाही.

आता तुटलेली सुई. तिला आम्ही फाइल म्हणतो, पण इथे कागदाच्या फाइलशी गोंधळ होईल म्हणून सुईच म्हणतो. दाढेच्या मुळातली नळी केसासारखी बारीक आणि बऱ्याचदा वाकडी असते. त्यात फिरणारी निकेल-टायटॅनियमची सुई चांगल्या हातातही कधीतरी तुटते. जगभरच्या पुस्तकांत ही ज्ञात गुंतागुंत म्हणून नोंदलेली आहे. सुई तुटली एवढ्यावरून कोणताही तज्ज्ञ हलगर्जीपणा म्हणणार नाही, आणि तुम्ही फक्त तेवढ्यावर भांडलात तर हरण्याची शक्यता मोठी. मागावर धागा तुटला म्हणून विणकराला कोणी दोष देत नाही; तुटलेला दिसूनही कापड तसंच घडी घालून विकलं तर देतात. तुमच्या प्रकरणाचा जीव तिथे आहे. सुई तुटल्याचं तुम्हाला त्या दिवशी सांगितलं का? केसपेपरवर लिहिलं का? तुकडा काढायचा किंवा बाजूने वाट काढायचा प्रयत्न झाला का, आणि जमलं नाही तेव्हा मायक्रोस्कोप असलेल्या तज्ज्ञाकडे पाठवायचं सुचवलं का? न सांगता वर कॅप बसवली असेल तर तो दोष उघड आहे, आणि तो दाखवायला फार मोठं शास्त्र लागत नाही.

पण पू त्या सुईमुळेच येतोय, हे अजून सिद्ध झालेलं नाही. कदाचित येत असेल, कदाचित नसेल. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं असतात, पुढचं आणि मागचं. पुटकुळीच्या तोंडातून गट्टापर्चाची (रूट कॅनाल भरायच्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी हलकेच आत सरकवून एक्स-रे काढला की पूची वाट कुठल्या मुळाशी जाते ते दिसतं. सुई पुढच्या मुळात आणि वाट मागच्या मुळाकडे जात असेल तर कारण वेगळं आहे: राहून गेलेली नळी, कॅपखालून झिरपणारी लाळ, नाहीतर मुळाला गेलेली उभी चीर. चीर असेल तर दाढ बहुतेक वाचत नाही आणि ती कोणत्याही डॉक्टरच्या चुकीशिवायही जाते. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी केली नसेल तर करायला सांगा, आणि तो एक्स-रे जपून ठेवा.

दुसरी तपासणी जुन्या एक्स-रेची. रूट कॅनाल सुरू करण्याआधी काढलेल्या फोटोत मुळाच्या टोकाशी काळी सावली होती का? असेल तर संसर्ग आधीचा आहे. अशी सावली भरायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं, आणि क्लिनिक नेमकं हेच म्हणेल की अजून भरतंय. म्हणू दे. भरणारी सावली हळूहळू लहान होत जाते; पाच महिन्यांनी नव्याने पुटकुळी येऊन पू गळणं त्यात बसत नाही. पण आधीचा आणि आताचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय यावर कोणीच खात्रीने बोलू शकत नाही. म्हणून पैसे मागायच्या आधी रेकॉर्ड मागा. मला या विषयात एकच गोष्ट ओरडून सांगायची असेल तर ती ही.

"फाइल क्लिनिकची असते" हे अर्धं खरं आहे. मूळ कागद क्लिनिककडे राहतो, त्याची प्रत तुमच्या हक्काची. डेंटल कौन्सिलच्या २०१४च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाच्या नोंदी ठेवणं आणि मागितल्यावर देणं हे डॉक्टरचं काम आहे. काय काय मागायचं ते नाव घेऊन मागा: केसपेपरची प्रत, तुमची सही असलेला संमतिपत्राचा कागद, आधीचे, मधले आणि शेवटचे सगळे एक्स-रे, कॅपचं वॉरंटी कार्ड, कॅनाल करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक, आणि भरलेल्या रकमेची पावती. छोटे डिजिटल एक्स-रे क्लिनिकच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. रिसेप्शनवरची मुलगी स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून पाठवेल, तो घेऊ नका, त्यात तारीख येत नाही आणि बारीक रेषा पुसतात. मूळ इमेज ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. झिरकोनियाच्या कॅपला लॅबचं कार्ड येतं, त्यावर दाताचा नंबर असतो, डावीकडची खालची पहिली दाढ म्हणजे ३६ नंबर. कार्ड नाहीच म्हणाले तर कॅप खरंच झिरकोनियाची होती का, हा वेगळा प्रश्न उभा राहतो.

आणि मागणी तोंडी नको. व्हॉट्सॲपवर साधा, सभ्य मेसेज: "नमस्कार डॉक्टर, माझ्या डावीकडच्या खालच्या दाढेच्या उपचारांचे सर्व कागद आणि एक्स-रे पुढील उपचारांसाठी हवे आहेत. कधी घ्यायला येऊ?" यात आरोप नाही, धमकी नाही. असा मेसेज नाकारणं अवघड असतं आणि नाकारला तर तो नकारच तुमच्या कामाचा. रोख दिलेल्या पैशांचंही असंच करा. "१४,००० पैकी ७,००० रोख दिले होते, त्याची पावती मिळेल का?" याला "हो, देतो" किंवा "अकाउंटंटला विचारतो" असं उत्तर आलं की रोख रकमेचा पुरावा झाला. फोनपेचं स्टेटमेंट तर आहेच.

दुसऱ्या डॉक्टरांविषयी थोडं स्पष्ट बोलतो. आमच्या व्यवसायात एक वाईट सवय आहे. पेशंटने तोंड उघडलं की भुवया वर करायच्या आणि विचारायचं, "कोणी केलं हे?" निम्मी भांडणं या तीन शब्दांतून जन्मतात. आणि गंमत अशी की हेच डॉक्टर, "साहेब, एवढं लिहून देता का?" म्हटलं की हात झटकतात, कारण रविवारी असोसिएशनच्या कार्यक्रमात दोघं शेजारी बसणार असतात. सोलापूर तसं लहानच. तुम्ही त्यांच्याकडून दोषारोप लिहून मागू नका, तो मिळणार नाही आणि लागतही नाही. फक्त दिसलं ते मागा: तारीख, दाताचा नंबर, कोणत्या मुळात किती आत धातूचा तुकडा दिसतो, टोकाशी सावली आहे का, पुटकुळी आहे का, पुढचा उपचार काय. एवढं लिहायला सहसा कोणी डॉक्टर नाही म्हणत नाही.

तेही जमलं नाही तर केगावच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय डेंटल कॉलेजात जा. तिथे रूट कॅनालचा विभाग वेगळा आहे, शिकवणारे लोक एमडीएस, म्हणजे दातांच्या एका शाखेत पदव्युत्तर शिकलेले आहेत, आणि शहरातल्या कोणाला वाईट वाटेल याचा विचार तिथे कमी होतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही दंतविभाग आहे. कॉलेजच्या केसपेपरवरच्या निष्कर्षाला पुढे ग्राहक आयोगात, म्हणजे मंचात, वजन असतं.

यात एक काळजी घ्यायला हवी. भांडण चालू आहे म्हणून पू असलेली दाढ तशीच ठेवू नका. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला त्रास, गिळायला त्रास, यातलं काही झालं तर त्याच दिवशी उपचार. कायदा थांबतो, संसर्ग थांबत नाही. फक्त कॅप कापण्याआधी एक्स-रे आणि तोंडातले फोटो काढून घ्या. कापलेली कॅप, निघाला तर सुईचा तुकडा, आणि दाढ काढावीच लागली तर दाढसुद्धा छोट्या डबीत घालून तारीख लिहून ठेवा. पेशंट या वस्तू दवाखान्यातच टाकून येतात आणि नंतर हळहळतात.

कागद हातात आले की क्लिनिकच्या मुख्य डॉक्टरांची वेळ घेऊन भेटा. रिसेप्शनवर नाही, ओपीडीच्या गर्दीत नाही. बरोबर घरचं एकच शांत माणूस न्या. तिथे तुम्हाला काय हवं हे ठरवून जा, कारण "न्याय हवा" याला डॉक्टरकडे उत्तर नसतं. माझ्या मते तुमची वाजवी मागणी अशी होते: सुई तुटल्याचं सांगितलं नव्हतं, म्हणून पुन्हा करायचं कॅनाल आणि नवी कॅप दोन्ही क्लिनिकच्या खर्चाने, आणि काम मायक्रोस्कोप वापरणाऱ्या एमडीएस तज्ज्ञाकडून. त्यांच्यावरचा विश्वासच उडाला असेल तर १४,००० परत, म्हणजे तुम्ही दुसरीकडे करून घ्याल. सुई तुटल्याचं त्यांनी त्याच वेळी सांगितलं असतं आणि तुम्ही सही केली असती, तर कॅपचा लॅबखर्च तुम्ही द्यावा हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं असतं. झिरकोनियाची कॅप काढताना बहुतेक वेळा कापावीच लागते, ती पुन्हा वापरता येत नाही, आणि लॅब डॉक्टरला फुकट करून देत नाही.

"ते डॉक्टर आता येत नाहीत" हे मात्र ऐकून घेऊ नका. तुम्ही गेलात क्लिनिकमध्ये, पैसे घेतले क्लिनिकने. बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरच्या कामाची जबाबदारी रुग्णालयावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं आहे. त्या दोघांनी आपापसात काय वाटून घ्यायचं ते त्यांनी बघावं.

तोडगा निघाला तर तोही लिहून घ्या, कोण करणार, कधीपर्यंत, कोणाच्या खर्चाने. पैसे परत मिळत असतील तर बँकेतून. "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर काम पुरं होण्याआधी किंवा रक्कम खात्यात येण्याआधी सही करू नका.

नाहीच ऐकलं, तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. पहिलं पत्र स्वतःचं असावं, वकिलाची नोटीस नंतर. याचं कारण क्वचितच कोणी सांगतं. बऱ्याच डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो आणि विमा कंपनीची अट असते की आमच्या परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही. नोटीस आली की ती विम्याच्या वकिलाकडे जाते, आणि काल "ताई, बघू आपण" म्हणणारा डॉक्टर आज फोन उचलत नाही. तो माजलेला नसतो, त्याला गप्प बसायला सांगितलेलं असतं. पत्रात तारखा, रक्कम, काय दिसलं आणि काय हवं एवढंच लिहा, १५ दिवसांची मुदत द्या. "फसवणूक", "लुटारू" हे शब्द टाळा. गुगलवर संतापाने रिव्ह्यूही नको. लिहायचाच असेल तर कागदावर दाखवता येईल तेवढंच लिहा.

मग ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यापासून मंचाचं नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग झालं, लोक अजून मंचच म्हणतात. पैसे घेऊन केलेले उपचार ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्कं आहे, दातांचे दवाखाने त्यात येतात. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. "पुढच्या आठवड्यात या" असं ऐकत बसल्याने ती मुदत वाढत नाही, सबळ कारण दाखवलं तरच आयोग उशीर माफ करतो. आयोगाची हद्द आणि फी तुम्ही भरलेल्या पैशावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५ लाखांपर्यंत फी शून्य. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार चालते, म्हणून पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन इम्प्लांट बसवून आलेल्या सोलापूरकरानेही इथेच तक्रार करावी. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही. तरी वैद्यकीय प्रकरणात वकील घ्यावा असं मी म्हणेन, कारण समोर विमा कंपनीचा वकील असतो. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. आपल्याकडच्या विडी कामगार बायकांना हे कोणी सांगतच नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी इंग्रजी संमतिपत्रावर सही करून आलेल्या असतात, घरी तेलुगू बोलतात, आणि दाढ काढायची की ठेवायची हेही त्यांना नीट सांगितलेलं नसतं. समजणाऱ्या भाषेत सांगून घेतलेली संमतीच खरी. कागदावरची सही एवढ्यावर डॉक्टर सुटत नाही. दाखल करण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहायला हरकत नाही.

आयोगात समोरून काय येईल तेही ऐकून ठेवा. "पेशंट तंबाखू खाते, मिश्री लावते", "बोलावलेल्या तारखेला आली नाही", "तात्पुरत्या सिमेंटवर दोन महिने फिरली." यातलं काही खरं असेल तर वकिलापासून लपवू नका. निकालाला कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरून चाला. आणि एका दाढेसाठी दहा लाख मागू नका, त्याने खऱ्या मागणीचंही वजन जातं. उपचाराचा खर्च, पुन्हा करायचा खर्च, त्रासाबद्दल पटण्यासारखी रक्कम आणि तक्रारीचा खर्च, बस.

महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे तक्रार करणं हा वेगळा मार्ग आहे. परिषद डॉक्टरला समज देऊ शकते, नोंदणी काही काळ थांबवू शकते, तुम्हाला पैसे देऊ शकत नाही. तुमच्या प्रकरणात रेकॉर्ड नाकारणं हा मुद्दा तिथे चांगला उभा राहील. कॅनाल करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारूनही मिळाला नाही तर तिथेच पडताळा. नोंदणीच नसेल तर मामला दाढेच्या पलीकडचा आहे. पोलिसांत जायचा सल्ला कोणी दिला तर सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा जेकब मॅथ्यू निकाल लक्षात ठेवा: फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा अगदी ढोबळ लागतो. तुमचं प्रकरण त्या पायरीचं नाही.

राहिल्या मुलीच्या तारा. रागाच्या भरात त्या तिथून काढू नका. तारा लावणारे डॉक्टर बहुधा वेगळे असतात, महिन्यातून ठरावीक दिवशी येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट. त्यांचं काम नीट चाललं असेल तर चालू द्या, तुमच्या दाढेशी त्यांचा संबंध नाही. मध्येच डॉक्टर बदलला की नवे डॉक्टर फी नव्याने लावतात, ब्रॅकेट्स बदलायचे म्हणतात आणि दोन-चार महिने वाया जातात. तरीही बदलायचंच ठरलं तर जाण्याआधी सुरुवातीचे साचे, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि बाजूचा एक्स-रे, फोटो, आतापर्यंत कोणत्या तारा टाकल्या त्याची नोंद, आणि एकूण ठरलेल्या फीपैकी किती भरली, त्यातल्या किती रकमेचं काम झालं, याचा हिशोब सहीशिक्क्यानिशी घ्या. हा हिशोब दाढेच्या पत्रात मिसळू नका, वेगळ्या कागदावर मागा. फी फायनान्स कंपनीच्या हप्त्यांवर असेल तर भांडण क्लिनिकशी आहे म्हणून हप्ता थांबवू नका, सिबिल तुमचं खराब होतं. आधी कंपनीला ईमेल करून उपचार थांबल्याचं कळवा आणि उरलेल्या रकमेचं काय करायचं ते त्यांच्याकडून लेखी घ्या.